दिवसाला तीन दारं

मुलीला थंडीचे कपडे चढवायला मला साडेसहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजलंय. तेही तिनं गुडघे ताठ केले नाहीत, दुसरा बूट घालेपर्यंत पहिला उपटून फेकला नाही आणि सगळा जामानिमा झाल्यावर डायपर बदलायची वेळ आली नाही, तर. बायको चार मिनिटांत उरकते. ती गाणं म्हणत घालते, मी समजावून सांगत घालतो. बावीस महिन्यांच्या माणसाला समजावण्यात हशील नाही हे मला एरवी कळतं, कोट हातात असताना कळत नाही.

जानेवारीच्या अखेरीस चार दिवस आम्ही तिघं एका शहरात जायचं म्हणतोय. समुद्र नको, डोंगर नको, नातेवाइकांचं घरही नको. शहर हवंय. आम्हा दोघांना पहिल्यापासून शहरांचं वेड. ट्राममधून उगाच शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, संग्रहालयात पाय दुखेस्तोवर हिंडायचं, संध्याकाळी कुठेतरी बसून पायांना दोष द्यायचा. माझ्या जुन्या वह्यांत शहरं तासातासांनी चिरलेली सापडतील. नऊ ते अकरा राजवाडा, सव्वाअकरा पूल, बारा वाजता घड्याळाचा मनोरा, कारण बाराचे ठोके तिथूनच ऐकायचे असतात.

यंदाही तशीच वही उघडली. पहिल्या दिवशी पाच ठिकाणं, दुसऱ्या दिवशी सहा. बायकोनं ती शांतपणे वाचली आणि "ही कोण माणसं जाणार आहेत?" असं विचारून परत दिली.

म्हणून मग एका रविवारी रंगीत तालीम केली. रेल्वेनं तासाभराच्या अंतरावरचं एक गाव, एक संग्रहालय, एक बाग आणि परत. हवा बोचरी, पण ऊन होतं. आम्ही सकाळी नऊला निघालो आणि चारला घरी आलो. त्या सात तासांत बघितलं काय, हे संध्याकाळी आठवू लागलो तर एक भरलेला कोल्हा सोडून काही आठवेना. मग दिवस गेला कुठे? बायको म्हणाली, "दारात." आणि ते खरं होतं. घराचं दार, स्टेशनचं, डब्याचं, संग्रहालयाचं, तिथल्या प्रसाधनगृहाचं, कॅफेचं, परत डब्याचं. बोटं घालून मोजली तर अकरा भरली. प्रत्येक दारात टोपी, हातमोजे, गळपट्टा, कोट, आणि मुलीचं त्या प्रत्येकाबद्दलचं मत. साडेसहा मिनिटांनी अकराला गुणलं तर एक तास साडेअकरा मिनिटं होतात. माझ्या वहीत या एक तास साडेअकरा मिनिटांना जागाच नव्हती.

कोणी म्हणेल, आत गेल्यावर असू द्यावा की कोट अंगावर. तालमीत तेही करून पाहिलं. आत उबारा, मूल धावणार, घाम येणार, आतला कपडा ओलसर होणार आणि बाहेरच्या वाऱ्यात तो ओला कपडाच अंगातली ऊब शोषून घेणार. सुती कपडा यात सगळ्यात दगाबाज. तो ओल धरून ठेवतो. म्हणून अंगालगत लोकरीचा पातळ थर घालतात, वर आणखी एक-दोन पातळ थर आणि त्यावर वारा अडवणारा कोट. थरांच्या मधली हवा ऊब धरते, त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. शिवाय लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं पसरट असतं, कातडीचं क्षेत्र जास्त, त्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर गार पडतं. यातली गोम अशी की बाबागाडी ढकलणारा बाप चालून चालून घामाघूम होतो आणि गाडीतलं पोर स्वस्थ बसून गारठतं. "मला तर गरम होतंय" या बापाच्या वाक्याला त्या वेळी काडीचीही किंमत नसते. हात लावून बघायचा तर मानेखाली, पाठीवर लावावा. लहान मुलांचे तळहात तसेही गारच लागतात.

तालमीत एक हातमोजाही हरवला. फोनवर आईला सांगितलं तर ती हसली. "अरे, दोन्ही मोजे एका लांब दोऱ्याला बांध आणि तो दोरा कोटाच्या बाह्यांतून ओवून घे. लोंबतील, पण जातील कुठे?" मी इंटरनेटवर हातमोज्यांच्या क्लिपा शोधत बसलो होतो. तर वहीत आता पहिला नियम लिहिला गेलाय: दिवसाला तीन दारं. आमची खोली सोडून तीन. त्यात काय बसेल ते बघायचं, बाकीचं शहर बाहेरून. बायकोनं खाली पोटनियम जोडला की मोठं माणूस एकटं ज्या दारातून जाईल ते मोजायचं नाही. तेव्हा मला तो वकिली वाटला होता. पण सगळी सहल त्या पोटनियमावर उभी राहणार आहे.

तारखांचा घोळ बरेच दिवस चालला. विमानात दोन वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांच्या मांडीवर बसून जाता येतं. दुसरा वाढदिवस झाला की त्याला स्वतंत्र जागा लागते, आणि वाढदिवस सहलीच्या मधोमध आला तर परतीच्या प्रवासाला बऱ्याचदा ती घ्यावीच लागते. आमची बाई फेब्रुवारीच्या मध्यावर दोन वर्षांची होईल. म्हणजे त्याआधी जायचं. मग डिसेंबर का नको? रोषणाई, बाजार, सगळं शहर सजलेलं. इथे मी सूर्याचे तक्ते काढून बसलो. २१ डिसेंबरच्या आसपास स्टॉकहोमला उजेड जेमतेम ६ तास, कोपनहेगनला ७, लंडनला पावणेआठच्या थोडा वर, व्हिएन्नाला सव्वाआठच्या आसपास, लिस्बनला साडेनऊच्या जवळ. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, काळोख झाल्यावर त्याचं शहर उलट रंगात येतं. आमच्याकडे साडेसातला दिवा मालवतो. त्यामुळे उजेडाचा प्रत्येक तास मोलाचा, आणि जानेवारी संपता संपता व्हिएन्नामध्ये तो नऊ तासांच्या वर गेलेला असतो. थंडी मात्र तेव्हाच ऐन भरात असते, कारण सूर्य परत फिरला तरी जमीन आणि समुद्र आणखी काही आठवडे निवतच राहतात. सौदा करायचा होता. आम्ही थंडी पत्करून उजेड घेतला. वर सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली.

मी वर व्हिएन्ना म्हणून गेलो, म्हणजे गुपित फुटलंच. लिस्बन जवळपास ठरलं होतं. हवा सौम्य, दिवस लांब. पण तिथे चढउतार फार, पदपथांना गुळगुळीत झालेले चौकोनी दगड, आणि पावसाचे महिने नेमके हिवाळ्यातले. ओल्या उतारावर बाबागाडी आणि मी, हे चित्र बायकोला पसंत पडलं नाही. कोपनहेगन सपाट आणि तिथली मेट्रो २००२ सालची, प्रत्येक स्थानकाला लिफ्ट. मेट्रोच्या वयाकडे मी याआधी कधी लक्ष दिलं नव्हतं. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ची, तिथल्या २७२ स्थानकांपैकी साधारण एक तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांशिवाय जाता येतं. पॅरिसची १९००ची, तिथे पायऱ्या टाळून जाता येईल अशी संपूर्ण मार्गिका म्हणजे १९९८मध्ये सुरू झालेली चौदावी. ज्या काळात ही भुयारं खणली त्या काळात चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला किंवा बाबागाडीतल्या मुलाला घेऊन कोणी खाली उतरेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही चार दिवसांचे पाहुणे, कडेवर घेऊन निभावून नेऊ. ज्यांना रोजच चाकांवर जायचं असतं त्यांचं काय, हा विचार मला बाप होईपर्यंत शिवला नव्हता, याची थोडी लाज वाटली.

व्हिएन्नाच्या भुयारी स्थानकांना लिफ्ट आहेत. शहराचा मधला भाग बराचसा सपाट आहे. पारा शून्याच्या आसपास असेल, वाराही असेल. पण घड्याळाचा फरक सोसण्याजोगा आहे, आणि तो मुद्दा मला वाटला होता त्याहून मोठा निघाला. शरीराचं घड्याळ दिवसाकाठी साधारण तासभरच सरकतं म्हणतात. लांबच्या शहराचा पाच तासांचा फरक चार दिवसांच्या सहलीत भरून निघणार कधी? पश्चिमेला गेलो तर मूल पहाटे तीन-चारला टक्क जागं. मोठी माणसं तेव्हा पुस्तक काढतात. बावीस महिन्यांची माणसं खोलीतले दिवे लावतात, बंद करतात, लावतात. त्यात हिवाळा, म्हणजे सूर्य साडेसातच्या पुढे कधीतरी येणार. परक्या खोलीत अंधाराचे चार तास, आणि भिंतीपलीकडे झोपलेलं कोणीतरी.

झोपेबद्दल आम्ही दोघंही आता धर्मगुरूंसारखं बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जो सल्ला दिला त्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी असं आहे. त्यातच असंही आहे की एका वेळी तासापेक्षा जास्त बाबागाडीत जखडून ठेवू नये, आणि दिवसभरात मिळून तीन तास तरी मुलानं हालचाल करावी. एक वर्षाच्या मुलासाठी फोन-टीव्हीचा पडदा नकोच, असंही त्यात आहे. ते मी वाचलं, मान डोलावली आणि विमानासाठी फोनवर तीन गोष्टी उतरवून ठेवल्या. बाबागाडीचा नियम मात्र मनावर घेतलाय. म्हणजे संग्रहालयातही तिला खाली उतरवायचं, पळू द्यायचं, आणि चित्रं बघायची ती तिच्या मागे धावता धावता.

बाबागाडीवरून एक आठवलं. आम्ही जी नेणार आहोत ती छत्रीसारखी मिटणारी, हलकी. या प्रकारची पहिली गाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज गृहस्थानं १९६५मध्ये तयार केली. हे निवृत्त विमान अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. मुलगी आणि नात भेटायला आल्या, नातीच्या अवजड गाडीची तारांबळ त्यांनी पाहिली, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी बनवली. लढाऊ विमानाच्या पंखांत चाकं मिटवणाऱ्या माणसालाच हे सुचावं, यात नवल नाही. फक्त एवढंच की हलकी गाडी खडबडीत फरशीवर थरथरते आणि तिच्या दांड्यावर पिशवी लटकवली की मूल उचलताक्षणी मागे कलंडते. तालमीत कलंडली. कोल्ह्यासमोरच.

तीन दारांत मावेल अशा जागा शोधताना मला काचघरांचा शोध लागला. मुलांसोबत हिवाळ्यात शहरात जाणाऱ्यांनी जुन्या वनस्पती उद्यानांकडे आधी बघावं असं माझं आता ठाम मत आहे. आत ऊब, वर काच, म्हणजे उजेडही. "हळू बोला" म्हणणारं कोणी नाही, हात लावू नये अशी शतकांपूर्वीची फुलदाणी नाही, आणि पानं मुलाच्या डोळ्यांसमोर असतात, माझ्या नव्हे. व्हिएन्नात शॉनब्रुन राजवाड्याच्या आवारात १८८२ सालचं पाम हाऊस आहे, लोखंड आणि काचेचं, शंभर मीटरांहून लांब. शेजारीच प्राणिसंग्रहालय, १७५२मध्ये सुरू झालेलं, आजही चालू असलेल्यांत जगातलं सगळ्यात जुनं. दोन दारं आणि एक सबंध दिवस! मी विजयी मुद्रेनं वही बायकोसमोर धरली.

तिनं पाम हाऊसची माहिती शेवटपर्यंत वाचली. मी वाचली नव्हती. "अरे, आत तीन भाग आहेत," ती म्हणाली. "एक थंड हवेचा, एक मधला आणि एक उष्ण कटिबंधाचा. म्हणजे एका दारात आपण तिला तीनदा सोलायचं आणि तीनदा गुंडाळायचं." बराच वेळ आम्ही हसत होतो. मग ठरलं, की शिरल्याशिरल्या तिला एकदाच सोलायचं, थंड भागातून कडेवर घेऊन, कोटात लपेटून धावत सुटायचं आणि उष्ण कटिबंधात जाऊन मुक्काम ठोकायचा. बाकीच्या दोन हवामानांतल्या झाडांना लांबूनच रामराम.

आता पोटनियम. व्हिएन्नाच्या एका चौकात दोन संग्रहालयं समोरासमोर उभी आहेत, जुळ्या बहिणींसारखी. एक निसर्गाचं, १८८९मध्ये उघडलेलं. दुसरं कलेचं, १८९१चं. पहिल्यात डायनोसॉरचे सांगाडे, उल्का, भरलेले प्राणी (कोल्हेही असतीलच). त्यातच विलेनडॉर्फची व्हीनस आहे, जेमतेम ११ सेंटीमीटर उंचीची, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी चुनखडकात कोरलेली जाड बाई. बायकोला ती बघायचीय. पोटात मूल असताना तिनं त्या मूर्तीचं चित्र फोनवर लावून ठेवलं होतं आणि आरशासमोर उभी राहून दोघींची तुलना करायची. समोरच्या इमारतीत मला एकच चित्र बघायचंय, पीटर ब्रूगेलनं १५६५मध्ये रंगवलेलं, बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं. त्यात खाली लांबवर गोठलेल्या तळ्यांवर ठिपक्याएवढी माणसं घसरत खेळतायत. ती मला जवळून बघायचीयत.

तर योजना अशी. तिघांनी निसर्गाच्या संग्रहालयात शिरायचं. एक दार. मग मी चौक ओलांडून चाळीस मिनिटं शिकाऱ्यांकडे जायचं, तोवर बायकोनं लेकीला सांगाड्यांखालून पळवायचं. मी आलो की लेक माझ्याकडे आणि बायको व्हीनसकडे. ती मूर्ती काचेत, मुलीच्या नजरेच्या वर; तिला तिथे उष्णतेच्या नळाची जाळी जास्त आवडेल. तालमीत तिनं कोल्ह्यापेक्षा जाळीलाच जास्त वेळ दिला होता.

हिशेब चोख आहे. पण वहीत लिहून झाल्यावर जरा वेळ पेन खाली ठेवलं. लग्नाआधीपासून आम्ही चित्रांसमोर शेजारी उभे राहत आलोय. ती काही बोलत नाही, नुसती कोपरानं ढोसते आणि मला कळतं कुठे बघायचं ते. यंदा मी एकटा उभा राहणार आणि ती एकटी. आणि मग साडेसातला दिवा मालवल्यावर, मूल जागं होऊ नये म्हणून बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून, एकमेकांना कुजबुजत सांगणार. अर्धं शहर तिनं बघायचं, अर्धं मी. हे मी तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुझं वर्णन नेहमी लांबतं. दहा मिनिटं देईन."

आईला अजून हे सगळं पटलेलं नाही. "एवढ्याशा जिवाला घेऊन थंडीत कशाला? तिला काय आठवणार आहे?" हा प्रश्न आम्हाला निदान सहा जणांनी विचारलाय. नाहीच आठवणार. बहुतेक मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणी तीन-साडेतीन वर्षांच्या वयातल्या असतात, त्याआधीचं पुसलं जातं. पण पुसलं जाण्याआधी काही महिने ते असतं, हेही खरं. दीड-दोन वर्षांच्या मुलांना एखादी कृती एकदा दाखवली तर ती त्यांना कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनीही करता येते, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ती एखादं पान बघून काहीतरी म्हणेल आणि ते काय, हे फक्त आम्हा दोघांना कळेल. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. "दोरा ओवलाय बाह्यांतून," एवढं सांगितलं. तिला ते पुरलं.

आता बारीकसारीक उरलंय. विमान उतरायला लागलं की लेकीला जागं ठेवायचं आणि काहीतरी चोखायला द्यायचं. लहान मुलांच्या कानातली नळी अरुंद आणि आडवी असते, गिळलं की दाब सुटतो, आणि झोपेत मूल गिळतं कमी. टॅक्सीत बसताना फुगीर कोट आधी काढायचा, कारण पट्टा कोटाच्या फुगीरपणावर आवळला जातो, मुलावर नाही. बूट अर्ध्या मापानं मोठे, आत हवा राहील असे. खोली तळमजल्यावरची मागितलीय.

काल रात्री बॅग काढली आणि एक चाचणी म्हणून पहाटे चारला उठलेल्या मुलीसोबत अंधारात बसून बघितलं. चाचणी म्हणायचं एवढंच, उठली ती तिची तीच होती. दिवा लावायचा नाही असं मी स्वतःशी ठरवलं होतं. ती थोडा वेळ मांडीवर बसली, मग उतरून कपाटाशी गेली. दार उघडलं. आत बघितलं. लावलं. माझ्याकडे बघून हसली असावी, अंधारात नीट दिसलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चौदापर्यंत मी मोजत होतो.